लवूचा डबा

रत्नागिरी,
मार्च १९८९

प्रिय लवू,

तुझी प्रेमला धोक्याच्या बाहेर आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तू खाली बसून वाचशील. काल तिने पेज मागून घेतली आणि मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर डाफरली. आजारी माणूस डाफरायला लागलं की मला बरं वाटतं. आता माझे आशीर्वाद घे आणि ऐक.

तुझं पत्र आपल्या वाडीतल्या धोंडूने आणून दिलं. डब्यातली इंजेक्शनं टोचली का, सगळी टोचली का, आणि मुंबईहून एवढं मोलाचं औषध पाठवलेलं असताना मुकादम डॉक्टर कसलं तरी जुनंपुराणं औषध का देतात, असं तू विचारलं आहेस. वहिनीने मध्ये पडायचं कारण काय, हे विचारलं नाहीस, पण अक्षरात दिसतंय. रागात असलास की तू कागद फाटेल इतका पेन दाबतोस. डब्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी दिलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस. तुझा स्वभाव मला नवा नाही. मी या घरात आले तेव्हा तू चड्डीची नाडी माझ्याकडून बांधून घेत होतास.

तू औषधांच्या गोदामात लागलास तेव्हापासून आपल्या वाडीत डबा येतो. गणपतीला एकदा, शिमग्याला एकदा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत कापूस, कापसात कॅप्सूल. खोकी फुटली, पाकिटं दबली म्हणून मालकाने कामगारांना वाटलेला माल. त्यात तुझी चोरी नव्हती, मला माहीत आहे. आई तो डबा आधी देवापुढे ठेवायच्या आणि मग वाटणी करायच्या. वाटणी आजाराप्रमाणे नसायची, मानाप्रमाणे असायची. थोरल्या घराला लाल-काळ्या कॅप्सूल, धाकट्या घराला पिवळ्या, आणि वाडीच्या टोकाला नुसत्या पांढऱ्या गोळ्या. एका शिमग्याला चुकून थोरल्या घराला पिवळ्या गेल्या, तर पालखी नाचवताना त्यांनी आपल्या अंगणाकडे पाठ केली होती, आठवतं? सर्दी झाली, घे एक. गुडघा दुखला, घे एक. गाईची कास सुजली, घाल भाकरीतून. बरं वाटलं की उरलेल्या फडताळात, पुढच्या दुखण्यासाठी. सगळी वाडी तुला लवू डॉक्टर म्हणायची आणि तू लाजायचास. त्या दिवसांत आपण सगळेच खूश होतो.

मग तुझ्या दादांचा पाय. पाऊस लागायच्या आधी खाण बंद व्हायची होती, शेवटचे काही दिवस राहिले होते, आणि जांभ्या दगडाचा चिरा नडगीवर आला. जखम फार मोठी नव्हती. पण बातमी ऐकून प्रत्येक घराने मायेने आपल्या वाटणीतलं आणून दिलं. नाही म्हटलं असतं तर रुसवे झाले असते. दादांनी सगळ्यांचा मान राखला. सकाळी एका घराची कॅप्सूल, संध्याकाळी दुसऱ्या घराची. पाय काळपट पडून ताप चढला तेव्हा रत्नागिरीला आणलं. मुकादम डॉक्टरांनी विचारलं, आजवर काय काय घेतलं? मी घरांची नावं सांगितली. औषधांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. त्या वेळी या इस्पितळात पू तपासून कोणतं औषध लागू पडेल ते बघायची सोय नव्हती. नळीत पू घ्यायचा, बूच लावायचं, कोल्हापूरच्या एसटीत कंडक्टरच्या हातात द्यायचा, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत अंदाजाने काहीतरी चालवायचं. उत्तर आलं. एका औषधाला हो, बाकी सगळ्यांना नाही. ते एक रत्नागिरीत नव्हतं. तुला तार केली. तू मालकाचे पाय धरून ते मिळवलंस आणि अशाच डब्यात घालून रातराणी एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलंस. चिपळूणला वाशिष्ठी नदी चढली, गाडी अडकली. डबा दुसऱ्या दिवशी आला. तुझे दादा त्या दिवशी सकाळी गेले होते. औषध डॉक्टरांच्या कपाटात ठेवून मी रिकामा डबा घेऊन घरी आले. तू तेराव्याला आलास, कुणाशी न बोलता परत गेलास. तेव्हापासून डबा येतो, तू येत नाहीस.

घरात मला संध्याकाळ खायला उठायची. मी वाचायला लागले. चौथीपर्यंतची शाळा, त्यामुळे आधी बोट ठेवून, मग बोटाशिवाय. शाळेतल्या कमळाबाईंनी कपाटातली पुस्तकं एकेक करून दिली. त्यात एक जंतूंवरचं होतं, मुलांसाठी लिहिलेलं. अर्धवट औषध घेतलं की मरायचे ते जंतू मरतात, आणि जे चिवट उरतात तेच पुढे वाढतात, हे मी त्यात वाचलं. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि चुलीत लाकूड सारत बसले. त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी आईंना सांगितलं की आता डब्याची वाटणी बंद करा. आई म्हणाल्या, “पुस्तकात वाचून तू माझ्या लेकाच्या हातचा परसाद थांबवणार?” मी माझ्या घरात थांबवला. आईंच्या फडताळाला माझा हात पोचला नाही.

प्रेमलाच्या पोटात दुखायला लागलं ते काजूच्या दिवसांत. बिया गोळा करायच्या, माणूस मिळत नाही, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. फडताळातली लाल-काळी घ्यायची आणि कामाला जायचं. दुखणं वरवर दबलं आणि अपेंडिक्स आतल्या आत फुटलं. ऑपरेशन नीट झालं. पण काही दिवसांनी टाके लाल झाले, ताप पुन्हा चढला, आणि जखमेतून हिरवट पू यायला लागला. त्याला एक गोडसर वास होता, नको तो गोड. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, हे जंतू बहुतेक तिला इथेच, इस्पितळातच चिकटले असणार, आणि असे जंतू बऱ्याच औषधांना दाद देत नाहीत. त्यांनी टाके उघडून पू काढला, चालू होतं ते इंजेक्शन बंद केलं आणि पू तपासायला दिला. आता ती खोली इथेच आहे. तुझ्या दादांनंतर डॉक्टरांनी गावात देणग्या मागत हिंडून ती उभी केली.

“पू निघाला म्हणजे अर्धं काम झालं,” ते मला म्हणाले. “परवा पू लावलेली काचेची बशी सांगेल काय द्यायचं ते. मध्येच नाडी बिघडली तर थांबणार नाही, हाताशी असेल ते मोठ्यात मोठं देईन. नाडी धड आहे तोवर मला अंधारात दगड मारायला लावू नका.”

नेमका तेव्हाच धोंडू तुझा डबा घेऊन उतरला. एसटीतून थेट वॉर्डात, अंगावरची धूळही झटकली नव्हती. “वयनी, लवूनं सांगितलान हाय, आजच्या आज टोचायची. ह्या डॉक्टरचा काय ऐकायचा नाय.” तुझ्या चिठ्ठीत औषधाचं नाव होतं, सेफोटॅक्झिम. धोंडूला ते म्हणता येईना, पण ते सगळ्यात नवं आणि सगळ्यात जोराचं आहे हे त्याने सगळ्या वॉर्डाला ऐकवलं. डॉक्टर नाही म्हणाले तर बाहेरचा एक कंपाउंडर भेटायच्या वेळेत येऊन गुपचूप टोचून जाईल, तेही त्याने ठरवून टाकलं होतं. आणि आई खाटेच्या पायाशी बसून म्हणाल्या, “माझा एक ल्योक वाट बघता बघता गेला. आता परत वाट बघायची व्हय गो?”

मी धोंडूच्या हातातला डबा घेतला, खाटेशेजारी जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर बसले. लुगडं नीट पसरून बसले. म्हटलं, आता घे काढून. धोंडू माझ्याभोवती घिरट्या घालत राहिला. मोठ्या वहिनीला हात धरून उठवायची त्याची छाती नव्हती. आई मला काय काय बोलल्या ते लिहीत नाही. कंपाउंडर दारापर्यंत आला, मला बघितलं, आणि घड्याळात बघून निघून गेला. डॉक्टर फेरीला आले तेव्हा म्हणाले, “तुम्ही केरूची बायको ना? डबा चेपेल. स्टूल घ्या.” तुझ्या दादांचं नाव त्यांच्या लक्षात होतं. मी म्हटलं, स्टूल घेतलं तर डबा जाईल. ते पहिल्यांदा हसले. मग प्रेमलाची नाडी बघून पुन्हा गंभीर झाले.

मला भीती वाटत नव्हती असं समजू नकोस. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो तव्यासारखा तापला होता. औषध माझ्या बुडाखाली होतं. नर्स दर थोड्या वेळाने नाडी मोजायची आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचे. प्रेमला मेली असती तर तू माझं तोंड बघितलं नसतंस, आणि मीही आरशात बघितलं नसतं. पण तुझ्या दादांना वाट बघितल्यामुळे मरण आलं नाही, लवू. न बघता, न विचारता घातलेल्या औषधांनी त्यांची वाट आधीच बंद केली होती. तोच खेळ मी प्रेमलाच्या अंगावर पुन्हा मांडू देणार नव्हते, मग तुझ्या डब्यातून येवो नाहीतर राजाच्या.

बशी तयार झाली तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला खोलीच्या दारात बोलावलं. झाकणाची काचेची बशी, आत खळीसारखं काहीतरी घट्ट झालेलं, आणि त्यावर जंतू उगवलेले, वाफ्यातल्या भाताच्या तरव्यासारखे दाट. त्यात कागदाच्या बारीक टिकल्या. प्रत्येक टिकलीत एकेक औषध. बऱ्याच टिकल्यांना जंतू अगदी चिकटून उगवले होते, जसं काही झालंच नाही. त्यात आमच्या फडताळातल्या लाल-काळीचीही टिकली होती. दोन टिकल्यांच्या भोवती मात्र स्वच्छ गोल जागा होती. एक जुन्या जेंटामायसिनची. दुसरी तुझ्या औषधाची. धोंडूने मान घालून बघितलं आणि ओरडला, “आमच्या लवूचा गोल मोठा हाय!” डॉक्टर म्हणाले, “हे काय कलिंगड आहे, मोठं बघून उचलायला? प्रत्येक औषधाचं माप वेगळं. दोन्ही चालतील.” मग धोंडूने विचारलं ते तूही विचारशील: चालतंय तर जोराचं का नाही द्यायचं?

डॉक्टर म्हणाले, “लोटाभर पाण्याने आग विझत असेल तर मी विहीर उपसणार नाही. हे नवं औषध मी उठसूट वापरलं, तर इथले जंतू त्यालाही सरावतील. मग ज्याला त्याच्याशिवाय दुसरं काही चालणार नाही, त्याला काय देऊ? गंगाजळ?” त्यांनी जेंटामायसिन सुरू केलं, प्रेमलाचं वजन करून, मापून. ते मूत्रपिंडाला आणि कानाला त्रास देऊ शकतं, म्हणून तिची लघवी मोजायचे, रोज विचारायचे, कानात आवाज येतो का. प्रेमला म्हणाली, “येतो, सासूबाईंचा.” ताप एकदम उतरला नाही. थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. धोंडू रोज माझ्याकडे बघून मान हलवायचा. जुनं औषध का, याचं उत्तर एवढंच.

आता शेजारच्या खाटेबद्दल. तिथे राजापूरकडची काशी आपल्या लेकीला घेऊन होती. लेकीचं नाव मैना, अजून फ्रॉक घालणारी. नवरा मुंबईला, तुझ्यासारखाच. पोरीला टायफॉइड. टायफॉइडचं ठरलेलं औषध असतं, सगळ्यांना माहीत असलेलं, ते चालू होतं आणि ताप हलत नव्हता. पोर आधी रडायची, मग रडेनाशी झाली. डोळे अर्धे उघडे ठेवून चादर चाचपत राहायची. तिच्या रक्ताची बशी तयार झाली तेव्हा मी दारातच होते. ठरलेल्या औषधाच्या टिकलीला जंतू अगदी भिडले होते. दुसरी, तिसरी, सगळ्यांना भिडलेले. डॉक्टर बशी हातात घेऊन बाकावर बसले. म्हणाले, या औषधाने टायफॉइडमध्ये मला आजवर कधी दगा दिला नव्हता. फक्त एका टिकलीभोवती मोकळं वर्तुळ होतं, आणि ते औषध इस्पितळात नव्हतं, गावातल्या कुठल्याही दुकानात नव्हतं. डॉक्टरांनी काशीला सांगितलं की कोल्हापूरला माणूस पाठवावा लागेल. काशीने विचारलं, गाडी किती वाजता आहे? लवू, तेच शब्द. तुझ्या दादांच्या वेळी मी तेच विचारलं होतं.

आता डब्याचं. डबा रिकामा आहे. ती टिकली तुझ्या औषधाची होती. डॉक्टरांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, एक शब्दानेही नाही. मीच डबा उचलला. तेव्हा उलट त्यांनीच मला थांबवलं. म्हणाले, “विचार करा. तुमची प्रेमला अजून पुरती सुटलेली नाही. जेंटामायसिन हरलं, तर माझ्याकडे तिच्यासाठी हेच होतं.” मी प्रेमलाला विचारलं. तिने तापलेल्या डोळ्यांनी शेजारच्या खाटेकडे बघितलं आणि म्हणाली, “द्या बाय, पोरगी चादर ओढतेय.” धोंडूने आकाशपाताळ एक केलं आणि तो तुला आज ना उद्या सांगणारच आहे की वहिनीने तुझ्या बायकोचं औषध परक्याच्या पोरीला वाटलं. वाटलं. मानाप्रमाणे नाही, आजाराप्रमाणे. प्रेमलाचा ताप जेंटामायसिननेच उतरला, पण आता ती तुझ्या रागाला घाबरली आहे. काल म्हणाली, “त्यांना लिहा, तुमच्याच औषधाने मी बरी झाले. त्यांना बरं वाटेल.” मी तसं लिहायला बसले होते. पहिली ओळ लिहिली आणि कागद फाडला. मला खोट्याची गरज वाटत नाही, आणि माफीही मागणार नाही. तुझ्या दादांच्या वेळी एक डबा नदीने अडवला, आणि ते ओझं तू एकटा वाहतोस. म्हणून घरी येत नाहीस, म्हणून विचारायच्या आधी जगातलं सगळ्यात जोराचं औषध पाठवतोस. तर ऐक. मैना काल खाटेला धरून उभी राहिली. काशीने मला विचारलं, औषध कुणी पाठवलं होतं? मी तुझं नाव सांगितलं. या खेपेला तुझा डबा वेळेवर पोचला, लवू. शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा तू अंगणात पाहिजेस. वाडीसाठी एकही कॅप्सूल आणायची नाही, आईंना मी बघून घेते. आणायचंच असेल तर हेच औषध आण, सीलबंद, आणि उतरल्या उतरल्या स्वतःच्या हाताने मुकादम डॉक्टरांच्या कपाटात ठेव. किल्ली त्यांच्याकडेच राहू दे. डबा मी धुऊन वाळत घातला आहे.

तुझीच,
डब्यावर बसलेली
मथुरावहिनी